बॅटरीचा ताप आणि आपला रोजगार

गेल्या पाच-सहा वर्षांत पुण्याच्या वस्त्यांमध्ये एक नवे वाहन आले आहे. येरवड्यापासून दांडेकर पुलापर्यंत आणि बोपोडीपासून हडपसरपर्यंत कोणत्याही गल्लीत रात्री नऊनंतर जा. एखाद्या दारातून वायर बाहेर आलेली दिसते आणि तिच्या टोकाला विजेवर चालणारी स्कूटर उभी असते. कोणी तिच्यावरून जेवण पोचवतो, कोणी किराणा, तर कोणी औषधे. पेट्रोलच्या भावाने कंबरडे मोडल्यावर हप्त्यावर किंवा दिवसाच्या भाड्याने घेतलेले हे वाहन आहे. त्याच्या किमतीतला फार मोठा हिस्सा एकाच पेटीचा असतो. ती पेटी म्हणजे बॅटरी.

या पेटीला थंड कसे ठेवावे, यावर आज जगभर संशोधन चालू आहे आणि पुणे हे त्याचे एक मोठे ठिकाण आहे. विषय इंजिनिअर लोकांचा वाटतो. परंतु ज्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत ही पेटी रात्रभर चार्जिंगला लागते आणि ज्याचा हप्ता तिच्या आयुष्यावर अवलंबून असतो, त्याचा या विषयाशी संबंध नाही असे कोण म्हणेल?

२६ मार्च २०२२ रोजी पुण्यात लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली एक विजेची स्कूटर पेटली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पुढच्याच महिन्यात कंपनीने त्या खेपेच्या १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत मागवल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत मात्र अनर्थ झाला. रात्री घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी पहाटे फुटली आणि शेजारी झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला. पुढे रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. वर्तमानपत्रांत दोन दिवस बातमी आली आणि विसरली गेली. त्या घरातली परिस्थिती आणि आपल्या घरातली परिस्थिती यांत फारसे अंतर नाही. बॅटरी ठेवायला वेगळी जागा नाही, वाहनतळ नाही, आणि बाहेर ठेवावी तर चोरीची भीती!

पेटीत उष्णता येते कोठून?

बॅटरीतून वीज बाहेर पडताना किंवा आत जाताना थोडी वीज वाटेतच उष्णता होऊन वाया जाते. स्कूटर साधारण वेगाने चालली तर सुमारे दोन हजार वॅट वीज ओढते, असे धरू. त्यातले पाच टक्के वाया गेले तरी शंभर वॅट झाले. म्हणजे चारही बाजूंनी बंद असलेल्या पेटीत शंभराचा जुना पिवळा बल्ब सतत जळत ठेवल्यासारखे झाले. त्या बल्बला हात लावून पाहिलेला असेल त्याला जास्त सांगायला नको.

आता यातली खरी गोम पाहा. विजेचा प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. मागे सामानाची पिशवी, पुढे पाण्याचा जार आणि कात्रजचा चढ, असे जुळून आले की हा चौपटीचा हिशेब सुरू होतो. आरामात कार्यालयात जाणाऱ्याची स्कूटर आणि वेळेच्या धाकाने दिवसभर पळणाऱ्या पोराची स्कूटर कागदावर एकच असते. पेटीच्या आतले हवामान मात्र वेगवेगळे असते.

या लिथियमच्या बॅटऱ्या पहिल्यांदा १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने बाजारात आणल्या. ज्यांच्या संशोधनातून त्या घडल्या, त्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी माणसासारखीच आहे. साधारण १५ ते ३५ अंशांत ती सुखी असते. त्याच्या वर तापमान दहा अंशांनी वाढले की तिची झीज जवळजवळ दुप्पट वेगाने होते, असा ढोबळ नियम आहे. पुण्याचा एप्रिल-मे चाळीसला भिडतो, म्हणजे उन्हात उभी असलेली स्कूटर एक किलोमीटरही न चालता म्हातारी होत असते.

झीज हा पैशाचा प्रश्न झाला. जिवाचा प्रश्न त्याच्या बराच वर सुरू होतो. आतल्या एखाद्या सेलचे तापमान शंभर अंशांच्या आसपास गेले की त्यातली रसायने स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात. सुमारे १३० अंशांना दोन टोकांमधला प्लॅस्टिकचा पातळ पडदा वितळतो, आतल्या आत शॉर्टसर्किट होते आणि मग आग थांबवणे कोणाच्या हातात राहत नाही. एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. झोपडपट्टीत एका घराची आग दुसऱ्या घराला कशी लागते, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. पेटीतही तेच घडते. घरे जितकी चिकटलेली, तितका वणवा मोठा.

हवा, पाणी आणि मेण

बॅटरी थंड करण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत. पहिला हवेचा. पेटीचे कवच धातूचे करायचे, त्याला पन्हाळ्या पाडायच्या आणि चालताना लागणाऱ्या वाऱ्याने ती निववायची. बहुतेक दुचाकींत हेच असते. स्वस्त आहे, पण सिग्नलला उभे राहिलो की वारा थांबतो. दुसरा मार्ग पाण्याचा. सेलच्या लगत बारीक नळ्यांतून थंड द्रव फिरवायचा. रांजणगावच्या कारखान्यात तयार होणाऱ्या टाटाच्या नेक्सॉन या विजेच्या मोटारीत अशी योजना आहे. उत्तम आहे, पण पंप, नळ्या, वजन आणि किंमत, सगळेच वाढते. स्कूटरला ते पेलत नाही.

तिसरा मार्ग गमतीचा आहे. २००० सालच्या सुमारास शिकागोच्या संशोधकांनी तो मांडला आणि आता आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थीही त्यावर प्रयोग करतात. सेलच्या भोवती मेण भरायचे! बर्फ वितळत असताना पाणी जसे थंडच राहते, तसे मेण वितळत असेपर्यंत त्याचे तापमान फारसे वाढत नाही. एक किलो मेण वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात एक लिटर पाणी सुमारे ४८ अंशांनी तापेल. आपल्या शंभराच्या बल्बची अर्ध्या तासाची उष्णता एक किलो मेण गिळून टाकते. पंप नको, पंखा नको. मेणातून उष्णता लवकर पसरत नाही म्हणून त्यात ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीच्या शिशातला काळा पदार्थ, मिसळतात.

पण इथेच उपयोजित संशोधन म्हणजे काय ते कळते. समजा प्रयोगशाळेत ३६ अंशांना वितळणारे मेण निवडले. थंड देशात ते छान चालेल. पुण्यात मेच्या दुपारी ते स्कूटर सुरू होण्यापूर्वीच वितळलेले असेल. मग ते ठेवून उपयोग काय? इथे त्याहून उशिरा, चाळीसच्या चांगले वर वितळणारे मेण हवे. दुसरी अडचण अशी की वितळलेले मेण पुन्हा गोठायला उसंत लागते. दहा ते पाच नोकरी करणाऱ्याच्या गाडीला ती मिळते. बारा तास जेवण पोचवणाऱ्याच्या गाडीला मिळत नाही. वातानुकूलित खोलीत केलेल्या प्रयोगाचे आकडे कितीही सुंदर असोत, अशा कामगाराच्या एका दिवसाची नोंद घेतल्याशिवाय ते आपल्या उपयोगाचे नाहीत, असे मला वाटते.

कोथरूडच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे. १९६६ साली स्थापन झालेली. टेकडीवर पहाटे फिरायला जाणाऱ्या पुष्कळांना ती नावापुरती ठाऊक असते. देशात विकल्या जाणाऱ्या वाहनांच्या चाचण्या जेथे होतात त्यांपैकी ही एक प्रमुख संस्था. २०२२ च्या आगींनंतर केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि दुचाकी-तीनचाकीच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ हा नियम कडक केला. तो दोन टप्प्यांत लागू झाला. पहिला १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. सेलमध्ये पुरेसे अंतर हवे, तापमानावर नजर ठेवणारी यंत्रणा हवी, धोका होण्यापूर्वी आवाज व दिवा यांनी इशारा मिळाला पाहिजे, आणि एक सेल बिघडला तरी सगळी पेटी पेटता कामा नये, अशा या अटी आहेत. तेव्हा जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्याने ती कोणत्या तारखेची आहे हे पाहूनच पैसे मोजावेत.

वाचक बंधू-भगिनींनो, नियम गाडी बनवणाऱ्याला आहेत. घरात काळजी आपणच घ्यायची. गाडी आल्याबरोबर चार्जिंगला लावू नका. अर्धा-पाऊण तास सावलीत निवू द्या. निजायच्या खोलीत आणि दाराच्या तोंडाशी चार्जिंग करू नका. आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते. गादी, कपडे, गॅसची टाकी यांपासून पेटी लांब ठेवा. गाडीबरोबर आलेलाच चार्जर वापरा. पेटी फुगली, गोडसर उग्र वास आला, किंवा हात ठेववत नाही इतकी तापली, तर ती वापरणे त्याच क्षणी थांबवा. धूर निघाला तर विझवण्याच्या नादी लागू नका. तो धूर विषारी असतो. मुलांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा. वस्तीत चार-पाच गाड्या असतील तर समाजमंदिराच्या बाहेर शेडखाली सगळ्यांची चार्जिंगची सोय करून घेता येईल. नगरसेवकाकडे मागावी अशी ही मागणी आहे; कमानीपेक्षा तिचा उपयोग जास्त.

सिंहगडाचा धडा

बॅटरीचा प्रश्न नुसता यंत्राचा नसतो, व्यवस्थापनाचाही असतो. त्याचे उदाहरण पुण्याजवळच घडले. मे २०२२ मध्ये सिंहगडाच्या घाटात खासगी गाड्या बंद करून पीएमपीच्या विजेवरच्या बसने पर्यटकांना वर नेण्याची योजना सुरू झाली. हेतू चांगला होता. गडावरची गाड्यांची गर्दी आणि धूर कमी झाला असता. पण पंधरवड्यातच सेवा थांबवावी लागली. घाटातला चढ, अरुंद वळणे, चार्जिंगची सोय आणि सुटीची झुंबड यांचा मेळ बसला नाही.

साधा हिशेब करून पाहा. भरलेली बारा टनांची बस पाचशे मीटर उंच चढवायला, नुसत्या चढाचेच, १६ युनिट लागतात. आपल्या घरी लाइटबिलात येतात तेच युनिट. आठ-नऊ किलोमीटरच्या सपाट रस्त्यावर लागणारी वीज त्यात मिळवा. म्हणजे घाटात बॅटरीवर जवळजवळ तिप्पट भार. वर उष्णतेचा चौपटीचा नियम आहेच. उतरताना मोटर उलट वीज तयार करून काही परत देते खरी, पण ती घेतानाही बॅटरी तापते. किती फेऱ्यांनंतर बसला किती विश्रांती द्यायची, रविवारी किती बस लागतील, पिठले-भाकरी विकणाऱ्या बायांचे आणि जीपवाल्यांचे पोट कसे भरेल, हे सगळे एकाच कागदावर मांडावे लागते. पर्यटनाचे शिक्षण देणाऱ्या संस्थांत पाहुण्यांचे स्वागत शिकवतात, परदेशी भाषा शिकवतात. हा हिशेबही त्यांच्या अभ्यासक्रमात असावा. गाईड होणाऱ्या आपल्या मुलामुलींना तो आला तर त्या धंद्यात त्यांचे वजन वाढेल.

पुण्यात आणखी एक काम झाले आहे. केपीआयटी कंपनी आणि पाषाणची आयसर ही विज्ञानसंस्था यांनी मिळून लिथियमऐवजी सोडियमची बॅटरी विकसित केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती जाहीर केली. सोडियम मिठातही असते, त्यामुळे ते महाग नाही, आणि उष्णताही ही बॅटरी चांगली सोसते. वजनाच्या मानाने वीज मात्र ती कमी साठवते. आयटीआयच्या यादीत विजेच्या वाहनांच्या मेकॅनिकचा स्वतंत्र अभ्यासक्रम आता आहे. दहावी झालेल्या मुलाने, आणि मुलीनेही, जवळच्या आयटीआयमध्ये त्याची चौकशी करावी. बॅटरी उघडणारे जाणकार हात आजही थोडेच आहेत.

सिंहगडासारखाच डोंगर माथेरानचाही आहे, आणि तिथला प्रश्न आपल्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. माणसाने माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याची योजना आखण्याचा आदेश दिला. परवानाधारक हातरिक्षा होत्या ९४. ज्या खांद्यांनी आजवर पर्यटकांचे ओझे वाहिले, ते खांदे मोकळे होण्याची ही गोष्ट आहे. पण ओझे आता बॅटरीवर आले. लाल मातीचा चढ, दोन-तीन प्रवासी, सुटीच्या दिवशी फेरीमागून फेरी, पेटी तापणारच. चार-पाच वर्षांनी ती थकली की नवी घ्यायला मोठी रक्कम लागेल. ती कोणी द्यायची, रिक्षावाल्याने की योजनेने, आणि धंद्यासाठी वापरलेल्या बॅटरीला कंपनीची हमी लागू आहे की नाही, हे रिक्षा ताब्यात घेण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे. पुण्यात हप्त्यावर स्कूटर घेणाऱ्या आपल्या पोरांनीही सही करण्याआधी हाच प्रश्न दुकानदाराला विचारावा.