पियूषिका ग्रंथीचा क्षय : आपली जबाबदारी

राजयक्ष्मा म्हटला की कास, ज्वर व बलक्षय डोळ्यांसमोर उभे राहतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील आठव्या अध्यायात सांगितलेल्या एकादश रूपांत शिरःशूलही आहे. त्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

क्षयाचे जंतू अत्यंत विरळा मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीत ठाण मांडतात. कास नसतानाही शिरःशूल, दृष्टिमांद्य, रजोलोप, अतिथकवा, क्वचित अतिमूत्रता व तृष्णा उद्भवते. एमआरआयमध्ये ती साधी गाठ भासते. निदान बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या ऊतितपासणीत होते.

मोताळा तालुक्यातील रोहिणखेडसारख्या गावी असा रुग्ण प्रथम आपल्याच पायरीवर येण्याचा संभव असतो. तीन तक्रारींना तीन पुड्या देऊन आपण मोकळे होऊ नये; एकाच मुळाचा संशय घेऊन त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे.

खरा धोका पुढे आहे. रिफॅम्पिसिनमुळे यकृतात कॉर्टिसॉलचा नाश वेगाने होतो. ग्रंथी दुर्बल असल्यास उपचार सुरू होताच वांती, रक्तदाब घटणे, मूर्च्छा संभवते. यास ‘औषधाची उष्णता’ समजून क्षयाची औषधे किंवा स्टेरॉइड बंद करण्याचा सल्ला देणे प्राणघातक ठरेल. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

औषधविक्रेत्या बंधूंनीही स्मरावे : १ मार्च २०१४ पासून क्षयाची औषधे एच-१ अनुसूचीत असून, २०१८ च्या अधिसूचनेने रुग्णाची नोंद कळविणे त्यांच्यावरही बंधनकारक आहे. नोंदवहीतील ती एक ओळ रुग्णाचा उपचार अर्धवट सुटू देत नाही.