तीन दिवस, तीन डब्या

साडेनऊला लॅबच्या खिडकीशी डब्यांची रांग लागते. झाकण न काढताच डबी जरा कलती करायची, म्हणजे आतलं किती पातळ आहे ते कळतं. त्या दिवशीच्या एका डबीत नुसतं पाणीच होतं. सोबतच्या कागदावर दोन शब्द : 'स्टूल रुटीन'.

"मॅडम, तीन महिने झाले. घास पोटात गेला की पळावं लागतं यांना," पेशंटची बायको म्हणाली. "दोनदा तपासलं, काही नाही म्हणाले."

म्हणणाऱ्यांची चूक नव्हती. सलाइन आणि आयोडीनच्या थेंबात जंतांची अंडी दिसतात, जिआर्डिया दिसतो. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी मात्र जेमतेम ४ ते ६ मायक्रॉनचा, तांबड्या पेशीहून लहान. घाईत पाहिलं तर यीस्ट समजून माणूस पुढं जातो. "औषधं कुठली चालू आहेत?" असं विचारल्यावर बाईंनी इकडंतिकडं पाहत पिशवीतून एआरटी सेंटरचं, म्हणजे एचआयव्हीच्या उपचारांचं, पुस्तक काढलं. सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, अवघा ६८. हा आकडा कागदावर असता तर तीन महिने गेले नसते.

म्हणून वेगळा रंग घेतला. टीबीसाठी ज्यानं बेडका रंगवतो, तोच लाल कार्बोल फुक्सिन या नमुन्यालाही. फरक धुण्यात आहे. बेडक्याच्या काचेवर २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिड ओततात, इथं १ टक्का. फार कडक वापरलं तर परजीवीही रंग सोडू शकतो. मग वरून मिथिलिन ब्लू. यीस्ट आणि बाकीचा गाळ निळा होतो, लाल राहील तो आपला. हीच 'मॉडिफाइड ॲसिड-फास्ट' पद्धत.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. परजीवी रोज बाहेर पडतोच असं नसतं, म्हणून निरनिराळ्या दिवशीचे तीन नमुने मागायचे. तिसरी डबी आणताना बाई वैतागल्या होत्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. त्या काचेवर विसाव्या मिनिटाला निळ्यात एक लांबट दाणा आला : गव्हासारखा, टोकांना निमुळता, पोटात गुलाबी गोळा. सिस्टोआयसोस्पोरा! दुसऱ्याच्या आजाराचा आनंद होणं विचित्र खरं, पण मला झाला. कारण याला साधं, स्वस्त औषध आहे. को-ट्रायमॉक्साझोलची डबल स्ट्रेंथ गोळी दिवसातून चारदा, दहा दिवस. पुढं सीडी४ २०० च्या वर जाऊन टिकेपर्यंत आठवड्यातून तीनदा.

क्रिप्टो निघाला असता तर एवढ्या खात्रीनं बोलता आलं नसतं. प्रतिकारशक्ती इतकी खाली असताना निटाझोक्सानाइडचा भरवसा नाही. एआरटीनं सीडी४ वर येईपर्यंत ओआरएस आणि सलाइनवर माणूस टिकवायचा. शिवाय क्रिप्टो नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला दाद देत नाही; पाणी उकळूनच प्यावं लागतं.

पाचव्या दिवशी बाई खिडकीशी आल्या. "काल दोनदाच गेले."

वॉर्डातल्या नव्या डॉक्टरांना एवढंच सांगणं : पेशंटची प्रतिकारशक्ती कमी असेल, मग ती एचआयव्हीमुळं असो, किमोमुळं असो की किडनी बदलल्यावरच्या गोळ्यांमुळं, तर नुसतं 'रुटीन' लिहू नका. पुढं 'मॉडिफाइड ॲसिड-फास्ट' लिहा. आणि तीन डब्या पाठवा.