मूळची पार्कर की सजवलेली पार्कर?

जुन्या अमेरिकी दुनळी बंदुकांच्या बाजारात पार्करला वेगळाच मान आहे. कनेक्टिकटमधल्या मेरिडनच्या पार्कर ब्रदर्सनी 1934 मध्ये हा धंदा रेमिंग्टनला विकला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उत्पादन थांबलं. नवा माल येत नाही, मागणी मात्र आहे. म्हणून साध्या पार्करवर नक्षी कोरून तिला वरच्या श्रेणीचं रूप देणारे कारागीर आहेत. यात गैर काही नाही. गैर आहे ते गिऱ्हाइकापासून लपवणं.

नळ्या उतरवून पाहा

बंदूक रिकामी आहे याची खात्री करून नळ्या फ्रेमपासून वेगळ्या करा. फ्रेमच्या सपाट भागावर अनुक्रमांक आणि श्रेणीची खूण असते. नळ्यांवर आणि पुढच्या लाकडाखालच्या लोखंडावरही तोच अनुक्रमांक हवा. मग दोन नळ्यांमधल्या पट्टीवर पोलादाचं नाव वाचा. साध्या व्हीएच श्रेणीला व्हल्कन, तिच्या वरच्या डीएचला टायटॅनिक, त्याहून वरच्या सीएचला अ‍ॅक्मे. फ्रेमच्या बाजूला डीएचचे कुत्रे आणि पक्षी कोरलेले, पण पट्टीवर व्हल्कन, असं दिसलं की सावध व्हा. खास मागणीचे अपवाद असतात, पण ते सिद्ध करणं विकणाऱ्याचं काम.

भिंग लावा

खरी मेख नक्षीत आहे. फ्रेम हाडांच्या कोळशात तापवून कडक केलेली असते. त्यावर नव्याने कोरायचं तर आधी ती मऊ करावी लागते, नंतर पुन्हा कडक. त्यामुळे कडक करताना धातूवर येणारे निळे-तपकिरी रंग सगळीकडे सारखेच ताजे दिसतात. खऱ्या जुन्या बंदुकीत ते हाताच्या घर्षणाने उडालेले आणि खाचाखोचांत टिकलेले असतात. गंजाच्या खड्ड्याजवळ भिंग न्या. खड्ड्याने रेघ खाल्ली असेल तर रेघ जुनी. रेघ खड्ड्यातूनही स्वच्छ पुढे गेली असेल तर ती गंजानंतरची. दस्ताही पाहा: लाकूड धातूपेक्षा खाली बसलं असेल तर ते पुन्हा घासलंय.

कारखान्याची नोंद

पार्कर संग्राहकांची संघटना उपलब्ध वह्यांमधून अनुक्रमांकावरून पत्र देते: बंदूक कोणत्या श्रेणीची म्हणून गेली, नळ्या किती लांबीच्या होत्या. काही वह्या हरवल्या आहेत, तेव्हा पत्र मिळालं नाही म्हणून बंदूक खोटी ठरत नाही.

पण नोंद असून ती दाखवायला विकणारा टाळाटाळ करत असेल, तर कोरीवकाम कितीही देखणं असो, साध्या व्हीएचच्या भावावर फक्त कारागिराची मजुरी धरा. त्यापुढे एक पैसाही देऊ नका.