उपाशी वेल

कृष्णकमळाचे लाड केले की ते फुलत नाही. आमच्या डोंबिवलीत हे ज्याला त्याला आपापल्या बाल्कनीत कळतं. मोठी कुंडी आणायची, निम्मी शेणखताने भरायची, वर दर पंधरवड्याला कसलंसं द्रावण ओतायचं. वेल ग्रिल झाकून टाकतो आणि वरच्या मजल्याच्या कपड्यांच्या दोरीला जाऊन भिडतो. पानं तळहाताएवढी, गर्द हिरवी. फूल मात्र औषधालाही नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे रंगाच्या जुन्या डब्यात तोच वेल आहे. अक्षरशः तोच, कारण माझा वेल त्यांच्याच फांदीपासून झालेला. श्रावणात त्यांच्याकडे रोज सकाळी देवापुरती फुलं निघतात आणि शेजारच्या दोन घरांतही जातात. खताचं विचारलं तर म्हणाल्या, "काही घालत नाही गं. खाऊनपिऊन सुखी झाला तर तो फुलेल कशाला?"

काकूंनी हे पुस्तकात वाचलेलं नाही, पण पुस्तकातही हेच लिहिलेलं असतं. नत्र भरपूर मिळालं की वेल पानं आणि फांद्या काढत सुटतो. मुळांना कुंडीची भिंत लागली, खायला बेताचं मिळालं, की कळ्या धरतो. म्हणून बारा इंची कुंडी पुष्कळ झाली. लाल माती, थोडी जाडसर वाळू, जुनं कुजलेलं खत ओंजळभर, निंबोळी पेंड मूठभर. ग्रिलच्या बाहेर काढलेल्या पत्र्यावर ओल्या मातीचं वजन फार होतं, त्यामुळे तळाला रसवंतीतून आणलेली उसाची चिपाडं घालणारेही आहेत. चिपाडं हलकी असतात, ओल धरतात, आणि वर्षभरात त्यांचीच माती होते. मे महिन्यात पाणीकपात लागली की तांदूळ धुतलेलं पाणी या वेलाला पुरतं. पावसाळ्यात उलटी काळजी: कुंडीखालच्या थाळीत पाणी साचू द्यायचं नाही, नाहीतर मुळं कुजतात आणि खालच्या मजल्याची चिठ्ठी सोसायटीच्या ऑफिसात जाते.

छाटणी हे खरं काम. कृष्णकमळाची फुलं फक्त नव्या फुटीवर येतात, जुन्या काष्ठावर नाही. माघ सरता सरता कुंडीपासून दोन-तीन फुटांवर वेल सरळ कापून टाकायचा. बघणाऱ्याला वाईट वाटतं. पंधरा-वीस दिवसांत प्रत्येक पेरातून फुटवा येतो आणि जूनचा पाऊस लागेपर्यंत ग्रिल पुन्हा भरतं.

आता चढण्याचं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत बाल्कनी आणि कबुतरांची जाळी हे समीकरण पक्कं झालेलं आहे. जाळी लावली कबुतरं येऊ नयेत म्हणून, पण कृष्णकमळाला तिच्यासारखा आधार दुसरा नाही. सुतळी बांधली तर ऑगस्टपर्यंत कुजून अख्खा वेल अंगावर येतो. जाडजूड पाइपाला त्याचे तणावे पकड घेऊ शकत नाहीत. नायलॉनचा बारीक दोरा मात्र त्यांच्या मापाचा.

तणावा काम करताना बघायचा असेल तर सकाळी खुर्ची टाकून बसावं. प्रत्येक पानाच्या बगलेतून एक तणावा निघतो, आधी सरळ, दोऱ्यासारखा, टोकाला किंचित वाकलेला. तो स्वस्थ नसतो. हवेत सावकाश गोल फिरत काही सापडतंय का ते चाचपत असतो. टोकाची आतली बाजू काडीने हलकेच घासली तर बसल्या बसल्या ती वाकताना दिसते. चार्ल्स डार्विनने १८६५ मध्ये वेलींच्या हालचालींवर मोठा निबंध लिहिला, त्यात कृष्णकमळाच्याच कुळातल्या एका नाजूक वेलाचा तणावा स्पर्शानंतर अर्ध्या मिनिटाच्या आत वाकू लागल्याची नोंद आहे. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. पाण्याचे थेंब पडले तर तणावा ढिम्म राहतो. आपल्याकडच्या जुलैत याचा अर्थ नीट कळतो. चार-चार तास पाऊस झोडपतो, तणाव्यावरून पाणी निथळत असतं, तरी तो वळत नाही. तेवढ्यात वाऱ्याने जाळीचा दोरा टेकला की लगेच गुंडाळायला लागतो. वेलाला पाऊस आणि आधार यांतला फरक कळतो, एवढं म्हणायला हरकत नाही.

पकड घेतली की दुसरं काम सुरू होतं. वेल आणि जाळी यांच्यामधला तणाव्याचा भाग पिळत जातो आणि त्याची स्प्रिंग होते. नीट पाहिलं तर अर्धी वेटोळी एका दिशेला, मध्ये थोडा सरळ तुकडा, आणि उरलेली अर्धी उलट्या दिशेला. जुन्या टेलिफोनच्या वायरला मध्येच असा उलटा पीळ पडायचा, तसाच. दोन्ही टोकं बांधलेली असल्याने एकाच दिशेला पीळ घेणं शक्यच नसतं. या स्प्रिंगमुळे वेल जाळीकडे ओढला जातो आणि वादळी वाऱ्यात तुटत नाही, नुसता मागेपुढे होतो. आठ-दहा दिवसांत ती वेटोळी तारेसारखी कडक होतात. छाटणीच्या वेळी ती ओढू नयेत, जाळी फाटते. कात्रीने एकेक कापावीत.

फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं, संध्याकाळपर्यंत मिटायला लागतं. म्हणून कल्याणच्या बाजार समितीच्या फुलबाजारात झेंडू-शेवंतीसारखा त्याचा भाव निघत नाही. हे विकायचं फूल नाही, घरचं फूल. आपल्याकडे त्यात महाभारत बघतात: भोवतीचे जांभळे तंतू म्हणजे शंभर कौरव, मधले पाच पुंकेसर पांडव, वरचे तीन दांडे ब्रह्मा-विष्णू-महेश. तंतू मोजायला बसू नये, शंभराचा हिशेब जुळेलच असं नाही. गंमत अशी की हे कूळ मुख्यतः अमेरिका खंडातलं. तिकडे गेलेल्या स्पॅनिश धर्मगुरूंनी त्याच फुलात ख्रिस्ताचा काटेरी मुकुट, पाच जखमा आणि तीन खिळे पाहिले. पाच आणि तीन हे आकडे समोर दिसले की प्रत्येक जण आपापली पोथी उघडतो.

मला त्या तीन दांड्यांचं काम जास्त बघण्यासारखं वाटतं. फूल उमलतं तेव्हा ते वर उभे असतात. तास-दोन तासांत खाली वाकतात आणि पुंकेसरांच्या पातळीला येतात. पुंकेसरांची पिवळी तोंडं आधीच खाली वळलेली असतात. मग काळा भुंगा येतो, लाकूड पोखरणारा, निळसर चकाकीच्या पंखांचा, आवाज आधी आणि तो मागून. तो तंतूंच्या चकतीवर उतरून तळाचा मध चाखत गोल फिरतो. त्याच्या पाठीला पिवळी पूड लागते आणि तीच पाठ पुढच्या फुलाच्या वाकलेल्या दांड्यांना घासते. मधमाश्याही येतात, पण त्यांची पाठ तिथवर पोचत नाही. त्या मध खाऊन जातात, एवढंच.

वेल बाल्कनीत आला की फुलपाखराचाही हिशेब धरावा लागतो. टॉनी कोस्टर, नारिंगी पंखांवर काळे ठिपके, संथ उडणारं, याच कुळाच्या पानांवर अंडी घालतं. पानाच्या खालच्या बाजूला पिवळ्या अंड्यांचा पुंजका दिसला की पुढे काय होणार ते ठरलेलं. लालसर तपकिरी, अंगभर फांद्या फुटलेले काटे असलेल्या अळ्या कळपाने पानं फस्त करतात. काटे दिसायला भयंकर, पण टोचत नाहीत. पानांतल्या कडवट विषामुळे पक्षी त्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. घोडबंदर रोडला ओवळ्यात राजेंद्र ओवळेकरांनी वडिलोपार्जित जमिनीवर फुलपाखरांसाठी बाग उभी केली, त्या वाडीत पान कुरतडलेलं दिसणं हेच बागेचं यश मानतात. फ्लॅटमध्ये तेवढं मोठं मन होत नाही. जाळीबाहेर गेलेली पानं अळ्यांची, आतली आमची, अशी वाटणी मी केली आहे. अळ्यांना ती मान्य नसते, तेव्हा त्यांना फांदीसकट उचलून बाहेर ठेवते. निंबोळी तेल फवारत नाही. पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने तेवढीच जागा पुसायची. तसाही हा ओरबाडलेला वेल महिन्याभरात पुन्हा भरतो, आणि नव्या फुटीवर कळ्याही जास्त धरतो.

राहिला प्रश्न फळाचा. इतके भुंगे, इतकी फुलं, आणि फळ का नाही? या कुळातले बरेच वेल स्वतःचा पराग नाकारतात, त्यांना परक्याच वेलाचा लागतो. आणि आमच्या भागात कृष्णकमळ विकत घेणारे थोडे, मागून नेणारे फार. पावसाच्या तोंडावर पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन पेरांची फांदी कापायची, खालची पानं काढायची, चहाच्या कपात वाळूमिश्रित मातीत खोचायची आणि सावलीत ठेवायची. मूळ धरलं की शेजारी, माहेरी, ऑफिसात वाटायची. काकूंच्या डब्यातून निघालेला वेल आमच्या बिल्डिंगीत, समोरच्या सोसायटीत आणि माझ्या बहिणीकडे कल्याणला पसरला आहे. दिसायला वेल अनेक, पण झाड एकच. भुंगा कितीही फिरला तरी त्याच्या पाठीवर त्याच झाडाचा पराग.

यंदा ठाण्याच्या नर्सरीतून दुसरीकडचं, वेगळ्या वाणाचं रोप आणून काकूंच्या डब्याशेजारी ठेवलंय. दोन्हींना एकाच सकाळी फूल आलं तर भुंग्यावर विसंबायचं नाही. दांडे वाकेपर्यंत थांबायचं आणि नव्याचा पराग मुलाच्या चित्रकलेच्या ब्रशने काकूंच्या फुलाला लावायचा. काकूंनी परवानगी दिली आहे, फक्त देवाची फुलं काढून झाल्यावर.