स्वस्त कॅसिओ खोलताना

बंद पडलेला कॅसिओ घेऊन येणारा माणूस निदानही सोबतच घेऊन येतो. ‘आयसी गेला असेल,’ म्हणतो. कुणा मित्राने, नाहीतर केबलवाल्याने त्याला तसं सांगितलेलं असतं, आणि आयसीचं, म्हणजे आतल्या चिपचं, नाव निघालं की पुढे कुणी काही विचारत नाही. १९८०च्या दशकातले हे छोटे कीबोर्ड मी हौसेने खोलत आलो आहे. त्यांत खरोखर आयसी गेलेले फार थोडे निघाले. बाकीचे अडले होते सेलच्या डब्यात, अ‍ॅडॉप्टरच्या सॉकेटात, पट्ट्यांखालच्या रबरात, नाहीतर एखाद्या वायरीत. म्हणजे जिथे वीज आत शिरते आणि जिथे माणसाचं बोट पोहोचतं, तिथे. हे वाद्य स्वस्त करताना कंपनीने पैसे नेमके कुठे वाचवले ते ध्यानात आलं, तर बिघाड कुठे शोधायचा हे निम्मंअधिक कळतं.

पैसे वाचवण्याची ही हातोटी कॅल्क्युलेटरच्या धंद्यातली. कॅसिओ कंपनी काढणाऱ्या टोकियोच्या काशिओ बंधूंनी १९५७ मध्ये १४-ए हा आपला पहिला कॅल्क्युलेटर बाजारात आणला तेव्हा त्यात तीनशेहून अधिक रिले होते आणि वजन होतं १४० किलो. पुढच्या १५ वर्षांत तो इतका आटला, की १९७२ चा ‘कॅसिओ मिनी’ हातात मावत होता आणि सामान्य नोकरदाराला परवडतही होता. भावांपैकी तोशिओ यांना संगीताची ओढ, वाद्य मात्र येत नव्हतं. १९८० मध्ये कॅसिओटोन २०१ आला आणि कंपनी वाद्यांत उतरली. पण डोकं कॅल्क्युलेटरवाल्याचंच राहिलं. शक्य तितकं सगळं एका चिपमध्ये कोंबायचं, बटणांखाली रबर घालायचं, वायरी कमीत कमी ठेवायच्या. व्हीएल-१ या मॉडेलमध्ये तर खराखुरा कॅल्क्युलेटरच होता. त्याच्या मेमरीत आकडे भरून तुम्ही स्वतःचा टोन बनवू शकत होता!

माझं आवडतं मॉडेल एसके-१. ते १९८६ च्या सुमाराचं. बत्तीस बारक्या पट्ट्या, अंगचाच स्पीकर आणि अंगचाच माइक. माइकसमोर शिंका, कुत्र्याला भुंकायला लावा, आजीला ‘अगं बाई’ म्हणायला सांगा. तो आवाज साठवून सगळ्या पट्ट्यांवर सुरात वाजतो. बाहेरचा आवाज घेऊन तो वाजवणारी यंत्रं तेव्हा स्टुडिओत होती आणि त्यांच्या किमती हजारो डॉलरच्या घरात. एसके-१ अमेरिकेत शंभर डॉलरच्या आसपास मिळायचा. ही किमया काटकसरीचीच. आवाजाची नोंद आठ बिटांची, सेकंदाला सुमारे ९,३८० वेळा, आणि तीही फक्त १.४ सेकंद. म्हणजे सगळा मिळून तेरा हजार आकड्यांचा ऐवज. साडेचार हजार हर्ट्झच्या वरचं काही त्यात फारसं टिकत नाही, म्हणून ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात आणि प्रत्येक आवाज जुन्या टेलिफोनमधून आल्यासारखा वाटतो. पुष्कळ लोक हा बिघाड समजतात. एका वेळी चारच सूर वाजतात, हेही तसंच. पाचवी पट्टी दाबली आणि सूर आला नाही, तर पट्टी मेली असं समजून स्क्रू काढायला बसू नये.

आपल्याकडे हे छोटे कॅसिओ बहुतेक आखातातून आले. कोकणातल्या घरांत दुबई-कुवेतहून सुटीवर आलेल्या माणसाच्या सामानात टेपरेकॉर्डरबरोबर एखादा असायचा. मुलं मोठी झाली, कॅसिओ माळ्यावर गेला, जाताना सेल आतच राहिले. आता पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात तो ‘बंद’ म्हणून मिळतो. दुकानदाराने तो चालवून पाहिलेला नसतो. त्याच्यापाशी सेल नसतात, इतकंच.

म्हणून आधी सेलचा डबा. एसके-१ मध्ये पाच पेन्सिल सेल बसतात, मिळून साडेसात व्होल्टचे. स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर दिसला तर कोणते सेल गळलेत ते बघावं. साध्या झिंक-कार्बन सेलमधून गळतं ते आम्लाकडे झुकणारं, तिथे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावायचा. अल्कलाइन सेलची गळ नावाप्रमाणेच अल्कलीची, तिला लिंबू किंवा व्हिनेगर. मग कोरडं पुसून शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. पॉलिश पेपरने स्प्रिंग खसाखसा घासणारे पुष्कळ आहेत. त्याने वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे गंज ठरलेला.

डबा चकचकीत झाला तरी सेट डेडच, असं पुष्कळदा होतं. अशा वेळी डब्यापासून बोर्डाकडे जाणारी वायर बघावी. वरचं प्लास्टिक लालभडक, स्वच्छ असतं. टोकाला जरा सोलून पाहिलं तर आतलं तांबं काळं पडलेलं. गळलेल्या सेलचं रसायन तांब्याच्या बारीक तारांमधून वर चढत जातं, कधी बोटभर तर कधी थेट बोर्डापर्यंत. अशा तारेवर सोल्डर धरत नाही, पाऱ्यासारखं घरंगळतं. मल्टिमीटर कंटिन्यूटीला बीप देईल, पण पट्ट्या दाबून आवाज मोठा केला की विजेची मागणी वाढते आणि सेट मान टाकतो. काळी तार साफ करत बसू नये. सरळ नवी टाकावी, चार रुपयांचं काम आहे. सेलचेही व्होल्ट मोजायचे ते सेट चालू असताना, चार पट्ट्या दाबून. नुसते टेबलावर मोजले तर दमलेले सेलही छान आकडा दाखवतात.

अ‍ॅडॉप्टरची गंमत वेगळी. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरांच्या पिनीत मध्ये प्लस असतो. या कॅसिओंना मध्ये मायनस लागतो. भोक तेच, पिन तीच, बसतेही व्यवस्थित. घरातला कुठलातरी अ‍ॅडॉप्टर लावल्यामुळे वारलेले सेट मी पाहिले आहेत, आणि खरा आयसी गेलेला असतो तो बहुधा अशाच सेटमध्ये. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅडॉप्टरवर नऊ व्होल्ट छापलेलं असतं आणि लोड नसताना तो बारा-तेरा देतो, हेही लक्षात ठेवावं.

सॉकेटात आणखी एक छुपी काटकसर आहे. पिन आत गेली की सॉकेटातली एक बारीक पाती उचलली जाते आणि सेलचा मार्ग तुटतो; पिन काढली की पाती परत टेकते. वेगळा स्विच वाचला. पण वर्षानुवर्षं पडून त्या पातीवर मळ धरतो, आणि मग सेट अ‍ॅडॉप्टरवर चालतो, सेलवर चालत नाही. हेडफोनच्या सॉकेटाचंही तेच. पाती टेकली नाही तर स्पीकर मुका, हेडफोनमध्ये मात्र झकास आवाज. या दोन तक्रारींवरचा पहिला उपाय इतका साधा आहे की गिऱ्हाइकासमोर करायला लाज वाटते: पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करायची. नाही जमलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर. त्यानेही नाही जमलं तर सॉकेटाच्या पायांभोवतीचं सोल्डर भिंगाखाली धरावं. तिथे केसाएवढी गोल चीर असते. पिनेला बसलेला प्रत्येक धक्का त्या डाखावरच गेलेला असतो. फ्लक्स लावून सोल्डर पुन्हा वितळवलं की झालं.

अ‍ॅडॉप्टरवर घुमतो आणि सेलवर घुमत नाही? मग दोष बहुधा अ‍ॅडॉप्टरच्या कॅपॅसिटरचा. दोन्हीकडे आवाज क्षीण आणि फाटका येत असेल, तर सेटमधले इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर सुकलेले असू शकतात किंवा स्पीकरचा कागद गेलेला असतो. स्पीकरची परीक्षा सोपी: त्याच्या एका टोकाची वायर सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. ‘टक्’ असं ठणठणीत वाजलं तर ठीक, खरखरलं तर बदलावा. व्हॉल्यूम सरकवताना करकर होते ती कार्बनच्या पट्टीवरच्या धुळीची. तिथे क्लीनर चालतो. गंजलेल्या कड्या-बिजागऱ्यांवर मारायचा स्प्रे मारू नये.

आता पट्ट्या. हा भाग मला सगळ्यात आवडतो.

मागचे स्क्रू काढून बोर्ड उचलला की पट्ट्यांखाली करड्या रबराची लांब पट्टी दिसते. तिच्यावर घुमटीसारखे उंचवटे, प्रत्येकाच्या पोटात काळा ठिपका. ठिपका कार्बनचा. पट्टी दाबली की घुमटी बसते आणि ठिपका बोर्डावरच्या दोन काळ्या रेघांना जोडतो. वाद्याचं सगळं वादन या ठिपक्यांवर चालतं. त्यावर हवेतलं तेलकट धुकं बसतं, सांडलेला चहा सुकतो, झुरळं आपला संसार मांडतात. मग पट्टी जोर दिल्याशिवाय वाजत नाही. कानातले स्वाब अल्कोहोलमध्ये बुडवून ठिपका आणि रेघा दोन्ही हलके पुसाव्यात; घासलं तर कार्बनच निघून जातो. मल्टिमीटरची टोकं ठिपक्यावर टेकवून शे-दोनशे ओहम आले तर उत्तम, कित्येक किलो-ओहम आले तर ठिपका संपत आला. मऊ पेन्सिलीचं शिसं त्यावर घासून काही महिने ढकलता येतात. टीव्हीच्या मेलेल्या रिमोटमधले ठिपके कापून चिकटवणं जास्त टिकाऊ.

एक पट्टी बंद असेल तर रबर बघावं. ठरावीक अंतराने येणाऱ्या अनेक पट्ट्या एकदम बंद असतील तर रबराला हातही लावू नये. कारण बत्तीस पट्ट्यांना बत्तीस वायरी देणं कॅल्क्युलेटरवाल्याला परवडत नाही. तो त्यांची जाळी करतो. समजा चार आडव्या ओळी आणि आठ उभ्या. बारा वायरींत बत्तीस पट्ट्यांचं काम भागतं. चिप एकेका ओळीला क्षणभर जागं करते आणि आठ उभ्यांपैकी कुठे खबर पोहोचली ते बघते, हे सेकंदाला कित्येकदा. यातली एक उभी वायर तुटली तर तिच्यावरच्या चारही पट्ट्या जातात. एक आडवी गेली तर आठ. तेव्हा कुठल्या पट्ट्या मेल्यात ते कागदावर लिहून काढावं. यादीतूनच ओळ सापडते. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून ती ओळ चिपच्या पायापासून शेवटच्या पट्टीपर्यंत चाचपत जायचं. जिथे बीप थांबेल तिथे ट्रॅक तुटलेला किंवा रिबन वायर सुटलेली. वर जम्पर मारला की चार पट्ट्या एकदम बोलू लागतात.

याच जाळीत एक भुताटकीही होते. तीन पट्ट्या दाबल्या आणि न दाबलेली चौथी वाजली! दाबलेल्या तीन पट्ट्या जाळीतल्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर असल्या, तर वीज उलटी फिरून चौथ्या कोपऱ्यापर्यंत पोहोचते आणि चिपला ती पट्टीही दाबल्यासारखी भासते. हे टाळायला पट्टीमागे, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड घालतात. म्हणून भुताचा सूर आला की शॉर्ट झालेला डायोड शोधायचा, आणि तो कुठे असेल हे ते चार सूरच सांगतात.

हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याला या वाद्यात बेसूरपणा शोधायला लावलं तर तो चक्रावेल. पेटीत प्रत्येक सुराची पितळी जीभ वेगळी, ती एकेकटी उतरते किंवा चढते, आणि कारागीर तिचं टोक किंवा मूळ खरवडून तिला जागेवर आणतो. कॅसिओत सगळे सूर एकाच घड्याळातून, म्हणजे चिपला ताल देणाऱ्या एका ऑसिलेटरमधून भागाकाराने निघतात. एकटा गंधार उतरला असं होतच नाही. उतरले तर बाराच्या बारा सूर उतरतील, सारखेच. असं झालेलं दिसलं तर तपासायला जागा एकच, ऑसिलेटर आणि त्याच्या शेजारचे दोन-चार भाग.

आणि हे सगळं करूनही सेट गप्प राहिला, सप्लाय ठीक, ऑसिलेटर चालू, स्पीकर टकटकतो, तरी काही नाही, तेव्हा कुठे आयसीचं नाव घ्यावं. तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळायचा नाही. कॅपॅसिटर, डायोड, ट्रान्झिस्टर, अ‍ॅम्प्लिफायरचा छोटा आयसी, हे सगळं तिथे किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळून जातं. मुख्य चिप मात्र कंपनीने खास आपल्या वाद्यांसाठी घडवून घेतलेली असते आणि वाद्याचे टोन नि ऱ्हिदम तिच्यातच कायमचे कोरलेले असतात. एमटी-४० या १९८१ च्या कॅसिओतला ‘रॉक’ हा ऱ्हिदम घ्या. संगीत शिकून कंपनीत नुकत्याच रुजू झालेल्या हिरोको ओकुदा यांनी तो रचला. तोच ऱ्हिदम जमैकात किंग जॅमी यांनी निर्मिलेल्या वेन स्मिथच्या गाण्यात आला आणि १९८५ मध्ये ‘अंडर मी स्लेंग टेंग’ने रेगेचं वळण बदललं, वादकांच्या जागी यंत्राचा ताल तिथे रूढ झाला. ऱ्हिदम मुळात चिपमधलाच. ती चिप जळली तर बदली मिळते ती दुसऱ्या एमटी-४० मधून.

काही जण दुरुस्तीच्या बरोबर उलटं करतात. अमेरिकेतल्या रीड गझाला यांनी अशी स्वस्त वाद्यं उघडून, बोर्डावरचे नको ते दोन बिंदू वायरीने जोडून चमत्कारिक आवाज काढले, आणि त्या उद्योगाला ‘सर्किट बेंडिंग’ हे नावही त्यांनीच दिलं. एसके-१ हा त्या मंडळींचा लाडका बळी. जुना सेट विकत घेताना म्हणूनच मागच्या बाजूला कुणी जास्तीची भोकं पाडून बटणं बसवली आहेत का ते बघून घ्यावं. असा सेट दुरुस्त करणं म्हणजे आधीच्या मालकाच्या मनात काय होतं ते ओळखत बसणं. मी तो घेत नाही.

आयसी गेलेला सेट मात्र मी टाकून देत नाही. त्याची रबराची पट्टी पहिल्यांदा काढून पिशवीत घालतो, कारण ती नवी मिळत नाही. मग पट्ट्या, कारण दर दोन सेटमागे एकीची बिजागरी तुटलेली असते. मग सेलच्या डब्याचं झाकण. जुन्या बाजारातल्या निम्म्या कॅसिओंना ते नसतं, आणि झाकणाशिवाय सेल जागेवर राहत नाहीत.