चॅपमनची पट्टी

मागची सीट, गालिचा आणि छताचं अस्तर बाहेर काढायचं, आत रोल केज बसवायचा, जास्त तापमान सोसणारे ब्रेक पॅड घालायचे, ब्रेक ऑइल बदलायचं, टायर चांगले घ्यायचे. छोट्या हॅचबॅकची ट्रॅककार घरच्या घरी अशीच होते आणि इंजिनाची पाळी सगळ्यात शेवटी येते. बहुतेक पोरं मात्र सायलेन्सरपासून सुरुवात करतात, आवाज वाढला की गाडी पळायला लागली असं समजतात. असो.

शर्यतीत उतरलं की खरी मारामारी असते ती नियमपुस्तकात. ब्रिटनमध्ये हॉट हॅचच्या शर्यती भरवणाऱ्या ‘७५० मोटर क्लब’चा जुना इतिहास चाळला की हे कळतं. ‘मोटर स्पोर्ट’ मासिकाचे संपादक बिल बॉडी यांनी १९३९ साली हा क्लब काढला तो ऑस्टिन सेव्हनसाठी. ही चिमुकली गाडी १९२२मध्ये बाजारात आली. हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅन्ली एज नावाच्या अठरा वर्षांच्या ड्राफ्ट्समनला घरी बोलावून बिलियर्ड्सच्या खोलीत तिचे आराखडे काढून घेतले होते. इंजिन ७४७ सीसी. युद्धानंतर या गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळत. खिशात फारसे पैसे नसलेल्यांनाही शर्यत खेळता यावी म्हणून क्लबने ‘७५० फॉर्म्युला’ आखला. त्यात मोठा वाटा होता हॉलंड बर्केट यांचा. हे गृहस्थ पेशाने जनावरांचे डॉक्टर! त्यांच्या नावाची सहा तासांची रिले शर्यत आजही होते.

या स्वस्ताईच्या खेळात कॉलिन चॅपमन नावाचा तरुण इंजिनिअर उतरला. त्याची पहिली ऑस्टिन प्रेयसी हेझल विल्यम्सच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये तयार झाली होती. ‘लोटस’ हे त्याने आपल्या गाड्यांना दिलेलं नाव; १९५१च्या लोटस मार्क थ्रीसाठी त्याला मायकेल आणि नायजेल या अ‍ॅलन बंधूंची साथ मिळाली. ऑस्टिनचा मूळ सांगाडा लवचीक, म्हणून त्याच्या उघड्या पन्हळींवर पत्रे जोडून त्यांनी बंद पेटीसारखा ताठपणा आणला. पण गाजलं ते इंजिन.

ऑस्टिनला सिलिंडर चार, हवा-पेट्रोलचं मिश्रण आत जायला वाटा मात्र दोनच. पहिला आणि दुसरा सिलिंडर एका वाटेवर, तिसरा आणि चौथा दुसऱ्या. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२. म्हणजे दुसऱ्याचं ओढून होतं न होतं तोच पहिला त्याच वाटेवर तोंड लावणार, तिसऱ्यामागून चौथ्याचंही तेच. एकाच नळावर दोन बिऱ्हाडांनी लागोपाठ हंडे लावावेत तसा प्रकार. वाटणी सारखी होणार कशी? चॅपमनने प्रत्येक वाटेत मधोमध पातळ धातूची पट्टी बसवून दोनाच्या चार वाटा केल्या. मग दोन नळ्यांच्या कार्ब्युरेटरची एक नळी पहिल्या-चौथ्याला दिली, दुसरी दुसऱ्या-तिसऱ्याला. आता प्रत्येक नळीवर दोन ओढींमध्ये सारखं अंतर पडू लागलं. ओतीव ब्लॉक होता तोच राहिला आणि नियमाचं अक्षरही मोडलं नाही. मोसमभर इतरांना या गाडीची धूळ खावी लागली.

क्लबने नियम बदलून ही युक्ती बंद केली.

चॅपमनचे चरित्रकार हा किस्सा त्याच्या बुद्धीची पावती म्हणून सांगतात आणि क्लब आपोआप खडूस ठरतो. पण क्लबची बाजू जास्त पटते. ती पट्टी चालू दिली असती तर पुढच्या वर्षी प्रत्येकाला तसाच जुगाड करणं भाग पडलं असतं, ज्याच्याकडे वेल्डिंगची सोय नाही तो बाहेर फेकला गेला असता. स्वस्त शर्यत टिकवायची तर हुशारीलाही कुठेतरी लगाम घालावा लागतो. आजच्या हॅचबॅक शर्यतींमध्ये इंजिनावर बंधनं असतात, त्यामागेही हाच हिशेब आहे.

चॅपमनचं त्यात काही बिघडलं नाही. १ जानेवारी १९५२ला त्याने लोटस इंजिनिअरिंग ही कंपनी सुरू केली, वडिलांच्या हॉटेलमागच्या जुन्या तबेल्यात. पुढची मार्क सिक्स त्याने सुट्या भागांच्या रूपात विकली. इंजिन बहुतेकदा जुन्या फोर्डचं. तयार गाडीवर लागणारा खरेदीकर सुट्या भागांवर लागत नव्हता. त्यामुळे गिऱ्हाईक खोकी घरी नेई आणि पान्हे घेऊन स्वतःच गाडी जोडायला बसे.