परतीचा करंट

बडोद्याच्या वायव्येला असलेल्या गोरव्याची ओळख कारखान्यांची. बीआयडीसीची औद्योगिक वसाहत, सरकारी आयटीआय, आणि त्यांच्या आसऱ्याने वाढलेलं लेथ, वाइंडिंग, गॅरेजं यांचं जग. जुनी गाडी टिकवायची असेल तर माणूस अशाच वस्तीकडे वळतो. इंजिन उघडणारे हात तिथे पुष्कळ मिळतात. वायरिंगमधला दोष शांतपणे शोधणारा ऑटो इलेक्ट्रिशियन मात्र विरळा, आणि त्याच्या कामाबद्दल फारसं कोणी लिहीत नाही.

त्याचं कसब पाहायचं तर प्रीमियर पद्मिनीचा इंडिकेटर घ्यावा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमियर कंपनीची ही कुर्ल्यात बनलेली गाडी. मुंबईच्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, पण हौशी मालकांकडे अजून धावते आहे. संगणक नाही, सेन्सर नाही. बॅटरी, फ्यूज, फ्लॅशर, स्टिअरिंगजवळचा स्विच आणि बल्ब, एवढाच सगळा मामला. तरीही हा दिवा भल्याभल्यांना दमवतो.

जुना फ्लॅशर उष्णतेवर चालतो. करंट वाहिला की आतली धातूची पट्टी तापून वाकते, संपर्क तुटतो. ती निवली की संपर्क पुन्हा जुळतो. मिनिटाला साठ ते एकशेवीस उघडझापा व्हायला हव्यात. पुढचा आणि मागचा असे एकवीस वॅटचे दोन बल्ब मिळून साधारण साडेतीन अँपिअर घेतात, आणि पट्टी तेवढ्या करंटच्या हिशेबानेच केलेली असते. एक बल्ब उडाला की ती पुरेशी तापत नाही. दिवा मंद गतीने लुकलुकतो किंवा नुसता पेटून राहतो. एलईडी बल्ब बसवले तरी तेच होतं, कारण ते करंटच फार कमी घेतात. नव्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरचं उलट असतं: बल्ब गेला की तो घाईघाईने टिकटिकू लागतो.

इथवरचं कोणीही शिकतो. खरी परीक्षा पुढे आहे. बॅटरीचं एक टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं. बल्बपर्यंत करंट वायरीतून येतो, पण परत जातो तो पत्र्यातून. म्हणजे अर्धं सर्किट वायरिंगच्या नकाशात दिसतच नाही. ते असतं दिव्याच्या होल्डरमध्ये, स्क्रूखाली, मडगार्डच्या सांध्यात, आणि ते गंजतं.

पत्र्यातली ही परतीची वाट म्हणजेच अर्थिंग. ते गेल्याची खूण विचित्र असते. उजवा इंडिकेटर दिला की त्याच बाजूचा टेललॅम्पही मिणमिणत लुकलुकतो, किंवा ब्रेक दाबताच भलताच दिवा उजळतो. परतीची वाट बंद झालेला करंट शेजारच्या फिलामेंटमधून शिरून दुसरीकडची अर्थ गाठतो. मालकाला वाटतं वायरी एकमेकींना चिकटल्या. तो स्विच बदलतो, फ्लॅशर बदलतो, आणि दोष तिथेच राहतो.

मल्टिमीटरची ‘बीप’ इथे फसवते. मीटर नगण्य करंट पाठवतो, त्याला तांब्याचा एक शाबूत धागाही पुरतो. म्हणून जाणता कारागीर दिवा पेटता ठेवून मोजतो: मीटरचं एक टोक बल्बच्या होल्डरला, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. एक-दोन दशांश व्होल्ट दिसले तर अर्थ ठीक. सांध्यात फक्त एक ओहम अडथळा असला तरी साधारण दीड व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि बल्बचा उजेड एक तृतीयांशाने घटतो. मला या मोजणीचं फार अप्रूप वाटतं. एकही स्क्रू न उघडता ती दोषाची जागा सांगते.

गंमत म्हणजे कित्येकदा बिघाड सुरू होतो तो गाडी नव्याने रंगवून आणल्यावर. डेंटिंग-पेंटिंगवाला मन लावून पुट्टी, प्रायमर, रंग चढवतो आणि दिव्याचं बूड ज्या उघड्या पत्र्यावर टेकायचं तोच झाकून जातो. अशा वेळी पॉलिश पेपरने नाण्याएवढा पत्रा घासायचा, रंगात रुतणारा दातेरी वॉशर घालायचा, वरून पेट्रोलियम जेली लावायची.

बडोद्यात पावसाचाही विचार करावा लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचा पूर शहरात शिरला तेव्हा असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. गाळ धुतला जातो, पण वायरीच्या प्लास्टिकखाली धाग्या-धाग्यातून चढलेलं पाणी तसंच राहतं. महिन्यांनी वायर सोलली तर तांबं हिरवं-काळं झालेलं निघतं. तिथे घासून भागत नाही. स्वच्छ तांबं लागेपर्यंत वायर कापावीच लागते.

इंजिनाची अर्थपट्टी तर अवश्य तपासावी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ही पट्टी तुटली की स्टार्टरचा प्रचंड करंट चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल हाताला चटका देण्याइतकी तापते. हा आगीचा धोका आहे.

जुन्या गाडीचं सगळं वायरिंग उपटून नवं टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो बहुधा अनावश्यक वाटतो. मूळ वायरिंगला हात न लावता प्रत्येक दिव्याच्या होल्डरपासून एक जादा काळी वायर काढावी, मागच्या सगळ्या डिकीत एका बोल्टवर आणाव्यात, पुढच्या बॅटरीजवळच्या बोल्टवर. एवढं झाल्यावर मीटर पुन्हा लावावा, आणि मग गरज उरली तरच नवा फ्लॅशर विकत घ्यावा.